पंचमात लावलेला तबला

पहाटे ५.३०

तबल्यावर टर्किशच्या टॉवेलची दुहेरी घडी टाकतो आणि रियाजाला बसतो. आमच्या खालच्या मजल्यावर एक वयस्क जोडपं राहतं, लंडनमधल्या या घरांच्या जमिनी लाकडी आणि पोकळ. बारा वर्षांत त्या दोघांनी एकदाही तक्रार केलेली नाही, आणि त्यांच्यावर ती वेळ मला येऊ द्यायची नाही. टॉवेलखाली नाद मरतो. बोट चाटेवर पडलं की लवेवर घसरलं, हे कानाला कळत नाही, बोटाच्या पेरालाच ओळखावं लागतं. सुरुवातीला या मुक्या रियाजाचं फार वाईट वाटायचं. मिरजेला गुरुजींच्या माडीवर आम्ही चार-चार जण एकदम वाजवायचो, खाली रस्त्यावरचा दूधवाला सायकल थांबवून ऐकायचा. आता या टॉवेलनेच हात सुधारला असं वाटतं.

आज कायदे नाहीत, रेले नाहीत. तासभर फक्त तीनतालाचा ठेका, मध्यलयीत, एकही बोल न भरता. संध्याकाळी कॅम्डनच्या बाजूला एका पबच्या वरच्या मजल्यावर आमचा कार्यक्रम आहे. आल्टो सॅक्सोफोन, पियानो, डबल बास, ड्रम्स आणि माझा तबला. अशा कार्यक्रमाच्या दिवशी मी सकाळी ठेकाच घोटतो. साथीला बसल्यावर हात शिवशिवतो, भरून टाकावंसं वाटतं, आणि जॅझमध्ये तबला फसतो तो नेमका त्या शिवशिवीने.

सहाला हीटिंग सुरू होतं. वीस मिनिटांत खोलीची हवा सुकते आणि पुडी ताणली जाऊन सूर चढतो. नोव्हेंबर ते मार्च हा खेळ रोज चालतो. घरात चढतो, रस्त्यावर उतरतो, गाडीत पुन्हा चढतो.

सकाळी ७.१५

ही साडेसहालाच हॉस्पिटलच्या पाळीला गेली. तिने ठेवलेला चहा गरम करून प्यायलो, पोळीचा रोल करून खिशात घातला, तबल्याची बॅग पाठीवर, डग्ग्याची हातात. हॅरोहून मेट्रोपॉलिटन लाइनची गाडी. कानात इंडो-जॅझ स्वीट.

१९६६ साली आलेल्या या तबकडीवर कलावंत म्हणून 'जो हॅरियट-जॉन मेयर डबल क्विंटेट' असं छापलेलं आहे. म्हणजे पाच आणि पाच, दहा वादक. हॅरियट जमैकातल्या किंग्स्टनचा, आल्टो सॅक्सोफोन वाजवणारा. १९५१ मध्ये इंग्लंडला आला. ठरलेल्या स्वरसंगतीची चौकट सोडून मोकळं वाजवण्याचा प्रयोग १९६०च्या सुमारास ज्या मोजक्या लोकांनी केला, त्यांतला हा एक. मेयर कोलकात्याचे, वडील अँग्लो-इंडियन, आई तमिळ. लंडनला शिकायला आले आणि इथल्या मोठ्या वाद्यवृंदांत व्हायोलिन वाजवू लागले. निर्माता डेनिस प्रेस्टन याला एकदा एका तबकडीसाठी छोटीशी जॅझ रचना हवी होती. 'आहे का तयार?' या प्रश्नाला मेयरनी 'आहे' म्हणून सांगितलं आणि मग रात्रभर बसून ती लिहिली, असं ते पुढे सांगत. तिथून वाढत-वाढत गोष्ट या दहा वादकांपर्यंत आली.

एका बाजूला सॅक्सोफोन, ट्रम्पेट, पियानो, बास, ड्रम्स. दुसऱ्या बाजूला मेयर यांचं व्हायोलिन, बासरीच्या जागी पाश्चात्त्य फ्लूट, सतार दिवाण मोतिहार, तंबोरा आणि तबला. तंबोऱ्यावाल्याचं आडनाव इंग्रजीत 'पैगंका' असं छापलंय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या मनाने लगेच त्याला शेवटचा 'र' जोडला आणि माणूस कोकणातला करून टाकला. तबल्यावर केशव साठे.

साठ्यांचं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते इथेच, एका धर्मादाय दुकानात जुन्या तबकड्यांच्या खोक्यात. मुंबईचा माणूस. १९५६ मध्ये लंडनला आला आणि इथलाच झाला. तेव्हा या शहरात तबला म्हणजे काय हे माहीत असलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी असणार. पंडित रविशंकर आणि बीटल्सच्या लाटेच्या दहा वर्षं आधीची गोष्ट. १९६७ मध्ये जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टच्या भागात 'जॅझ मीट्स इंडिया' ही तबकडी झाली, पियानोवर इरेने श्वाइत्सर, तीही मोकळ्या जॅझची. तिथेही मोतिहार यांच्या शेजारी तबल्यावर साठेच. पुढे सत्तरच्या दशकात जॉन रेनबर्नच्या गटात इंग्लंडच्या शेकडो वर्षं जुन्या लोकगीतांना त्यांनी तबल्याची साथ केली. तीन निरनिराळी संगीतं, तीन तऱ्हेचे लोक आणि प्रत्येक ठिकाणी त्यांना हाच माणूस हवा होता. तो का हवा असायचा, याचं उत्तर मी गेली कित्येक वर्षं त्यांच्या ठेक्यात शोधतोय.

सकाळी ८.४५ ते ११.३०

दोन शाळा, पाच वर्ग. मुलं गुजराती, तमिळ, पोलिश, सोमाली. टाळी-टाळी-खाली-टाळी सगळ्यांना सारखीच येते. आज एका सात वर्षांच्या मुलीने खालीला हात उलटा करताना विचारलं, इथे आवाज का नाही करायचा? मी म्हटलं, म्हणजे आपण कुठे आहोत ते कळतं. ती थोडा वेळ विचार करत राहिली आणि मग इतक्या मन लावून हवेत हात उलटला की वर्ग गप्प झाला.

दुपारी १२.१०

वर्गांच्या आणि तालमीच्या मध्ये वेळ होता म्हणून हॉलंड पार्कला उतरलो. लॅन्सडाउन रोडवर कोपऱ्यावर उंच, तांबड्या विटांची इमारत आहे, लॅन्सडाउन हाउस. वरच्या मजल्यांना प्रचंड खिडक्या, कारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती चित्रकारांच्या स्टुडिओंसाठी बांधली. भिंतीवर निळी पाटी आहे, तीही चित्रकारांच्या नावांची. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून याच इमारतीच्या तळघरात डेनिस प्रेस्टनचा ध्वनिमुद्रण स्टुडिओ होता. ती तबकडी इथे झाली. स्टुडिओ २००६च्या सुमारास बंद झाला, आता तिथे राहती घरं आहेत.

समोरच्या फुटपाथवर उभं राहून पोळी खाल्ली. तळघराच्या खिडकीत कुणाच्या तरी स्वयंपाकघरातला दिवा जळत होता. १९६५च्या आसपास एका सकाळी एक मराठी माणूस अशाच दोन बॅगा घेऊन त्या पायऱ्या उतरला असेल. आत ड्रम्सचा पूर्ण संच मांडलेला, ट्रम्पेट तापवायला घेतलेला, समोर मेयर यांची लिहिलेली नोटेशनं. त्याने तबला चुंबळीवर ठेवला असेल आणि सूर कुणाचा, हे विचारलं असेल. हा प्रश्न मी अजून दर तालमीला विचारतो.

दुपारी २.००

तालमीची जागा केंटिश टाउनला रेल्वेच्या कमानीखाली आहे. दर सात-आठ मिनिटांनी डोक्यावरून गाडी जाते आणि मायक्रोफोनचे स्टँड थरथरतात.

आल्टो वाजवणारी मुलगी तिशीची, आजोबा जमैकाहून आलेले. हॅरियटचं नाव तिने घरातच ऐकलं. आज पहिल्यांदा तिला तिच्या ब्लूजवर तबला हवा होता, आणि पियानोवाल्याला शंका होती. सोळा मात्रांचं तुमचं चक्र आणि बारा बारचा आमचा ब्लूज, जमणार कसं?

मी फळ्यावर लिहून दाखवलं. एका बारच्या चार मात्रा. बारा बार म्हणजे अठ्ठेचाळीस. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. ब्लूजची एक ओळ चार बारची, म्हणजे तीनतालाचं एक आवर्तन, तीन ओळी म्हणजे तीन आवर्तनं. एवढ्यावर तो खूश झाला, पण खरी गंमत पुढे आहे. ब्लूजमध्ये स्वरसंगती पहिली मोठी कूस बदलते ती पाचव्या बारला, सा वरून म वर. ती माझी दुसरी सम. नवव्या बारला प वर जाते, ती तिसरी. म्हणजे त्यांचं घर जिथे-जिथे हलतं तिथे-तिथे माझी सम उभी असते. आणि खाली येते ती तिसऱ्या, सातव्या आणि अकराव्या बारला. खालीत डग्गा बाजूला होतो, नुसता तबला बोलतो. बासवाल्याने हे ऐकलं आणि न सांगता तेवढ्या चार मात्रांत एक छोटी चाल वर नेली. खाली कुणीतरी जागा रिकामी केली हे त्याच्या बोटांना कळलं. त्या क्षणी मला सकाळची ती मुलगी आठवली.

अडचण उरली ती वजनाची. माझं वजन समेवर, म्हणजे एकवर. ड्रमरचा डावा पाय हाय-हॅट मिटतो तो दोनवर आणि चारवर. तो एकला हलकं सोडून देतो, पाऊल उचलल्यासारखं. आम्ही दोघं आपापल्या जागी बरोबर होतो आणि एकत्र ऐकवत नव्हतं, चालताना बूट चावतो तसं काहीतरी सारखं टोचत होतं. तीनदा वाजवलं. मग मी समेचा धा अर्ध्याहून कमी जोरात घेतला, आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर डग्ग्याची घीस थोडी लांबवली. ड्रमरने काठ्या ठेवून ब्रश घेतले. चौथ्या वेळेला कुणीच बोललं नाही, तीन फेऱ्या तशाच वाजत राहिलो.

सम हलकी घेणं मला सोपं नाही. गुरुजींनी दहा वर्षं शिकवलं ते समेवर येताना छाती भरून यावी म्हणून. पण सम हलकी केली म्हणजे ती सोडली असं नाही. ठेका आतून पक्का असला तरच ती हलकी घेता येते. साठ्यांच्या वाजवण्यात मला जे ऐकू येतं ते हेच. ड्रम्ससारखं गडगडणारं वाद्य शेजारी आहे, समोर हॅरियटसारखा सुटलेला माणूस आहे, आणि ते आपली हुशारी दाखवायला धावत नाहीत. चक्र हातात धरून ठेवतात, म्हणून बाकीच्यांना लांब जाता येतं. इंडो-जॅझचं श्रेय लिहिणारे हॅरियटला आणि मेयरना देतात, आणि ते त्यांचं आहेच. माझ्या मते त्यातला एक मोठा वाटा ठेका धरून बसलेल्या माणसाचा आहे, आणि तो त्याला मोठ्याने दिला पाहिजे.

मग सूर. ब्लूज पांढरी चारमध्ये, ते ज्याला एफ म्हणतात. सवयीने तबला सा मध्ये, म्हणजे पांढरी चारलाच लावावासा वाटतो. पण स्वरसंगती तिसऱ्या ओळीला पंचमावर गेली की तोच सूर तिथे मध्यम होऊन बसतो आणि प्रत्येक 'ना' कानाला खुपतो. म्हणून मी पंचमात लावतो, पांढरी एकला. सा च्या घरात तो पंचम, म च्या घरात गेलो तर रिषभासारखा निभावतो आणि प च्या घरात गेलो की तोच तिथला षड्ज. तीन घरं फिरून कुठेही परका वाटत नाही. हा शोध माझा नाही, गायकाच्या रागात पंचम ठळक असेल तर आपणही तबला कधी पंचमात लावतोच. इथे त्याचं कारण वेगळं, एवढंच. सॅक्सवाली मात्र याला पांढरी एक म्हणत नाही. तिच्या आल्टोवर ती जो स्वर 'ए' म्हणून वाजवते तोच माझा 'सी' निघतो. एकाच सुराला या खोलीत तीन नावं आहेत.

शेवटी गौड सारंग. स्वीटमध्ये मेयरनी हा राग घेतला आहे, आमची रचना निराळी, पण स्फूर्ती तीच. सॅक्सवालीला मी स्वर लिहून दिले होते. तिने ते सरळ चढत्या-उतरत्या ओळीने वाजवले आणि राग कुठेच दिसेना. मी म्हटलं, हा सरळ चालत नाही. ग, मग मागे रे, मग म, पुन्हा ग. ग रे म ग. दारातून आत येताना कुणी मागे वळून बघावं तसा. हे तिला लगेच पटलं. तिने तो तुकडा पंधरा मिनिटं वेगवेगळ्या श्वासाने घोळवला, आणि एकदा म वरून ग वर येताना ओठांनी स्वर असा काही वाकवला की मला सारंगीचीच आठवण झाली. तेव्हा घड्याळात साडेतीन होते. गौड सारंग दुपारचा राग. तालमीत वेळ साधली, रात्री ती चुकणार, आणि याची चुटपुट मला दर वेळी लागते.

संध्याकाळी ६.००

साउंड चेक. मी एकच गोष्ट मागतो, डग्ग्याला वेगळा मायक्रोफोन. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या महोत्सवात तो मिळाला नाही. ड्रम्सच्या शेजारी मला माझंच ऐकू येईना म्हणून मी जोर लावत गेलो. तासाभराने उजव्या तर्जनीचं पेर फाटलं, तबल्यावर रक्ताचा डाग पडला. छापील पत्रकात चौघांची नावं होती, माझ्या जागी नुसतं 'तबला' लिहिलं होतं. त्या रात्री घरी येऊन मी स्वीटचं ते जुनं पाकीट काढलं आणि मागच्या बाजूला छापलेलं केशव साठे हे नाव कितीतरी वेळ बघत बसलो. साठ वर्षांपूर्वी ज्यांनी ते छापलं त्यांचे मी मनापासून आभार मानले.

इथला साउंडवाला चांगला आहे. न मागता दोन मायक्रोफोन लावून ठेवले होते.

रात्री ८.३०

खोलीत साठेक माणसं, काही भिंतीला टेकून उभी. सुरुवातीला रेडिएटर तापलेला, तबला पांढरी एकच्या वर काळी एककडे सरकलेला. गजऱ्याला खालून हातोडी देऊन उतरवला. तिसऱ्या रचनेपर्यंत काचांवर वाफ धरली होती. इतक्या माणसांचा श्वास पुडीने ओढून घेतला आणि सूर खाली जायला लागला. पियानोच्या सोलोत माझे दोन्ही हात ठेक्यात, उतरलेला सूर ऐकतोय आणि काही करता येत नाही. बासचा सोलो आला तेव्हा डाव्या हाताने डग्ग्यावर नुसत्या मात्रा दाखवत उजव्या हाताने गजऱ्यावर वरून चार बारीक ठोके दिले. ते ठोकेही लयीत द्यावे लागतात, नाहीतर बासवाल्याचा पाय घसरतो. त्याने वळून पाहिलं आणि पुढचे चार स्वर त्याच ठोक्यांच्या वजनात घेतले. लोकांना वाटलं असेल ठरवून केलं.

ब्लूजमध्ये शेवटी चार-चार बारची देवाणघेवाण. चार बार सॅक्स, चार बार मी, चार ड्रम्स. ते याला 'ट्रेडिंग फोर्स' म्हणतात. एक आवर्तन मला, एक तुला, आपला सवाल-जबाबच. शेवटच्या फेरीत मी साधी तिहाई टाकली, तिट कत गदि गन धा, एक मात्रा दम, पुन्हा तेच, पुन्हा दम, पुन्हा तेच. पाच आणि एक, पाच आणि एक, आणि पाच, सतरा. सतरावी मात्रा म्हणजे सम. दुसऱ्या तुकड्यालाच ड्रमरला हिशेब कळला, तिसऱ्याला सॅक्सवालीने श्वास घेऊन ठेवला, आणि शेवटच्या 'धा'वर पाचही जण एकदम पडले. पुढच्या रांगेत एक शीख आजोबा होते, त्यांचा हात मांडीवर पडलेला मला दिसला. त्यांच्या शेजारचा तरुण मुलगा, ज्याने तिहाई हा शब्द आयुष्यात ऐकला नसेल, तोही त्याच मात्रेला खुर्चीत उडाला.

गौड सारंग रात्री दहाला वाजला. सॅक्सवालीने 'ग रे म ग' तीनदा घेतलं आणि मग ते सोडून अशा जागी गेली जिथे गौड सारंग उरला नव्हता. मी ठेका सोडला नाही. सात आवर्तनं ती बाहेर होती, मी मोजत होतो. आठव्या समेवर ती 'ग'वर उतरली. सुटलेली गाय संध्याकाळी आपणहून गोठ्याच्या दारात येते, तशी.

रात्री १२.२०

शेवटची गाडी मिळाली. तबला रेडिएटरपासून लांब, कपाटाच्या बाजूला ठेवला. ही झोपलेली. मिरजेला आता पहाटेचे पाच पन्नास, गुरुजी रियाजाच्या खोलीत दिवा लावून बसले असणार. फोन लावला.

"तबला कशात लावलावतास?"

"पंचमात, गुरुजी."

थोडा वेळ शांतता. मग ते स्वतःशीच गुणगुणले, सा, म, प, एकेका घरात जाऊन पंचम तपासून बघत होते. "बरोबर आहे," म्हणाले. "आणि सम?"

मी सांगितलं, हलकी घेतली, वजन दोनवर आणि चारवर ठेवलं.

"कसं ते दाखव."

या वेळेला तबला बाहेर काढणं शक्य नव्हतं. स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, ओट्यावर टॉवेल घातला, फोन शेजारी ठेवला आणि त्या टॉवेलवर नुसत्या बोटांनी ठेका धरला. पलीकडून गुरुजींची टाळी ऐकू यायला लागली. साडेचार हजार मैलांवरून येताना ती अर्ध्या मात्रेने मागे पडत होती, धिं आणि धिंच्या मध्ये कुठेतरी. एक आवर्तन गेलं, दोन गेली. मग त्यांनी खालीला हात उलटला असावा, कारण आवाज आला नाही.